पुंजाजीची मुदत

बोरदऱ्याच्या महादेवासमोर बेलभंडारा उचलला त्या दिवशी सगळ्यांत कडक अट घातली ती पुंजाजीनं. सन तीसचा श्रावण होता. वऱ्हाडात गावोगावचे लोक विळे घेऊन सरकारी रानात शिरत होते, उघड उघड कायदा मोडून गवत कापत होते आणि हात न उचलता तुरुंगात जात होते. मानोऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात वसलेलं बोरदरा मागं कशाला राहील? ज्या रानात आजे-पणजे गुरं चारत आले, ते रान सरकारनं एक दिवस राखीव केलं आणि वाटेवर नाका बसवला. तेव्हापासून गाय चुकून हद्दीत शिरली तरी ती कोंडवाड्यात जायची आणि तिचा धनी नाकेदाराच्या पायावर. गाव या जाचाला विटलं होतं.

भंडाऱ्याची वाटी शालिग्रामच्या हातात होती. शालिग्राम गावचा जाणता, देवळाचं सगळं त्याच्याकडे. उद्या रानात जायचं, मार खायचा, पण उलट हात करायचा नाही, एवढं सगळ्यांनी कबूल केलं आणि लोक उठायला लागले. पुंजाजीला तेवढ्यानं समाधान होईना.

"बसा जरा," तो म्हणाला. "धरून नेतीन हे तं ठरेलच हाय. पन तठी गेल्यावर कोनी माफी मांगतली अन् मुदतीआधी घरी आला, तं त्याचं काय करान? हे आताच ठरवा."

"विचारू त्याले, काहून आला म्हून," शालिग्राम म्हणाला.

"विचाराचंच नाई!" पुंजाजी कडाडला. "विचारलं का मानूस कारन सांगते. माय बिमार होती, लेकरू रडत होतं. कारन कोनापाशी नसते? जो मुदतीआधी आला त्याचं आगपानी बंद. त्याचं आयकाचं नाई, त्याच्या उंबऱ्यात पाय टाकाचा नाई, मेला तं खांदा द्याचा नाई. हे कबूल असन तं उचला भंडारा."

मागं बायांत त्याची बायको रंगूबाई बसली होती. तिचा ऊर भरून आला. असा नवरा अख्ख्या पंचक्रोशीत नाही, असं तिला वाटलं, आणि शेजारच्या चतुराबाईनं कोपरानं ढोसलं तेव्हा ती पदराआड हसलीसुद्धा. हसून घ्यावं बाईनं, मिळतं तेव्हा. पिवळी वाटी हातोहात फिरली आणि गावानं पुंजाजीची अट जशीच्या तशी उचलली.

दुसऱ्या दिवशी बायांनी कुंकू लावून दहा-बारा जणांना रानात पाठवलं. पुंजाजी सगळ्यांच्या पुढं, त्याच्या मागं चतुराबाईचा जगदेव. पुंजाजीनं गवताची पहिली मूठ कापली न कापली तोच शिपायाचा बूट त्याच्या मनगटावर पडला आणि तिथंच गोल फिरला. हद्दीच्या दगडापाशी उभ्या असलेल्या रंगूबाईला हाड मोडल्याचं ऐकू आलं. पुंजाजीनं हात उचलला नाही. उचलायचं म्हटलं असतं तरी तो आता उचलण्यासारखा राहिला नव्हता. सगळ्यांना दोरीला बांधून नेलं, आणि चार दिवसांनी निरोप आला की प्रत्येकाला वर्षाची सक्तमजुरी झाली.

नवरा तुरुंगात, पण रंगूबाईनं तो महिना राणीसारखा काढला, खोटं कशाला बोला. गावानं तिचं शेत आधी निंदून दिलं, मग आपलं. पोळ्याला तिचे बैल तोरणाखाली सगळ्यांच्या आधी उभे राहिले. चतुराबाईच्या आणि तिच्या घरात एकच भिंत होती. एकीचा नवरा आत, दुसरीचा लेक आत, म्हणून दोघी सकाळी एकाच जात्याला बसायच्या आणि एकमेकींची समजूत काढायच्या.

पोळा होऊन आठ दिवस गेले असतील. भर दुपारी तालुक्याच्या साहेबाची दमणी पारापाशी येऊन थांबली. साहेब नवा होता, आपल्याच मुलखातला, बोलायला मऊ. त्याच्यामागून दोन शिपायांनी पुंजाजीला उतरवलं. अंगावर नवं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात झेंडूचा हार. मोडलेला हात तेवढा वाकडा जुळलेला.

"घ्या तुमचा माणूस," साहेब पारावरच्या लोकांना म्हणाला. "शहाणा निघाला. त्याच्यासारखे तुम्हीही शहाणे व्हा."

"खोटं हाय!" पुंजाजी ओरडला. त्यानं फेटा काढून मातीत फेकला, हार तोडला. "म्या माफी मांगतली नाई! शालिग्राम, आयक, म्या माफी मांगतली नाई!"

शालिग्राम पारावरून उठला. त्यानं पुंजाजीकडे एकदा पाहिलं, धोतराचा सोगा झटकला आणि पाठ फिरवली. मग दुसरा उठला, तिसरा उठला. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. पार रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या पारासमोर पुंजाजी ओरडत राहिला. साहेबानं दमणीत बसून पानाचा डबा उघडला.

रंगूबाईनं त्याला हाताला धरून घरी आणलं. पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

"खरं सांगा मले," ती म्हणाली. "काई लिहून देल्लं का तुमी?"

तिनं हे विचारलं आणि विचारताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली. पण विचारून झालं होतं.

"तुही पन खात्री नाई का?" तो म्हणाला. "मले कोनी काई विचारलंच नाई, रंगू. सकाळी न्हाऊ घातलं, धोतर नेसवलं. मी गजाले धरून बसलो तं चौघांईनं बोटं सोडवली अन् गाडीत टाकलं. साहेब म्हने, जाय, तू सुटला."

"मंग हे सांगा ना लोकाईले! घरोघर जाऊन सांगा."

"आयकतीन कसे?" पुंजाजी म्हणाला. "म्याच तं ठरोलं, आयकाचं नाई म्हून." आणि तो असा हसला की रंगूबाईला ते हसणं पुढं जन्मभर विसरता आलं नाही.

महादेवासमोर झालेली गोष्ट साहेबाच्या कानावर कुणी घातली, ते बोरदऱ्याला कधीच कळलं नाही. ज्यानं घातली तो गावातच होता, पारावर बसत होता, चिलीम ओढत होता. त्याचं आगपाणी कुणी बंद केलं नाही.

पुंजाजीचं मात्र झालं. भादव्याच्या सरी चालू होत्या, चकमकीचा कापूस सादळलेला, ठिणगी धरेना. दुकानदारानं काडीपेटी द्यायला नकार दिला. तेव्हा रंगूबाई खापरी घेऊन चतुराबाईच्या दारात गेली. विस्तव मागायचा तर शेजारीणच. चतुराबाई चुलीपुढं बसली होती, भाकरी तव्यावर होती.

"बाई, दोन निखारे दे," रंगूबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "दोन दिस झाले, चूल पेटली नाई."

चतुराबाईनं वर पाहिलं नाही. तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि आपल्याच पेटत्या चुलीत ओतला. धूर झाला, राख उडाली, भाकरी तव्यावर कच्ची राहिली. मग ती विझलेल्या चुलीपुढं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रंगूबाईला वाटलं होतं की नाही म्हणेल, दार लावेल. पण स्वतःच्या घरची भाकरी बुडवून शेजारीण तिला नाही म्हणाली, आणि ते फार खोल लागलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, कापूस वाळला, ठिणगी धरली. त्या दिवसापासून रंगूबाईनं आपला विस्तव विझू दिला नाही. गोवरी राखेत पुरून ठेवायची आणि डोळ्यांत तेल घालून राखायची.

पाण्याचं तसंच. विहिरीवर गेलं की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या आणि रंगूबाईचा पोहरा आत गेला तर पाणी उपसून टाकायच्या. मग ती नाल्याच्या वाळूत झिरा खणून पाणी आणू लागली. न्हावी येईना, पुंजाजीची दाढी वाढली. दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन देवळापुढं उभा राहिला. सोनं द्यायला हात पुढं केला की लोक त्या हाताला वळसा घालून जात. संध्याकाळपर्यंत तो उभा होता. पानं हातात सुकली, तेव्हा त्यानं ती महादेवाच्या पायरीवर ठेवली आणि घरी आला.

"बरोबर करून राह्यले लोक," तो रंगूबाईला म्हणाला. "बेलभंडारा हाय. म्या असतो तं म्याही घेतलं नसतं सोनं."

या माणसाचं काय करावं, रंगूबाईला कळेना. गाव त्याला ठेचत होतं आणि तो गावाचीच बाजू घेत होता. तिला त्याचा राग यायचा आणि त्याच्यासाठी जीवही तुटायचा, दोन्ही एकाच वेळी.

आता त्याच्या मनात एकच होतं, पुन्हा तुरुंगात जायचं. आणखी काही नको. राहिलेली मुदत भोगून आला की त्याचं तोंड उजळ होणार होतं. तो विळा घेऊन एकटा रानात गेला, डाव्या हातानं भारा कापला आणि तो डोक्यावर घेऊन थेट नाक्यावर जाऊन उभा राहिला. नाकेदार खाटेवर पडला होता.

"धरा मले. चोरी केली."

"चोरी कसली पुंजाजी, तुमचंच रान आहे," नाकेदार म्हणाला आणि शिपायाला हाक मारली. "अरे, यांना एवढा भारा पुरेल का? गाडी जुंप."

गवतानं भरलेली सरकारी गाडी मग गावाच्या मधल्या रस्त्यानं आली आणि पुंजाजीच्या दारात रिकामी झाली. त्या आठवड्यात गावची निम्मी गुरं कोंडवाड्यात होती. लोक दारांत उभे राहून बघत होते. पुंजाजीनं त्या गवताला बैलांना तोंड लावू दिलं नाही. गवताचा ढीग समोर, आणि बैल दाव्याला हिसके देत हंबरत होते. शेवटी रंगूबाईनं रडत रडत तो ढीग पेटवून दिला. लोक म्हणाले, बघा, सरकारी गवताचा माज.

काही दिवसांनी साहेबाचा मुक्काम गावच्या चावडीत पडला. पुंजाजी तिथं गेला. रंगूबाई त्याच्यामागून गेली, कारण तो उपाशी होता आणि तिच्या पदरात भाकरी होती. गाव चावडीबाहेर, लिंबाखाली लांब उभं होतं.

"ये पुंजाजी, बस," साहेब म्हणाला, आणि शिपायानं खुर्ची आणली.

"बसाले नाई आलो. म्या कायदा मोडला, मले धरा."

"मोडलास, ठाऊक आहे मला."

"मंग धरून काहून नाई राह्यले?"

"कशाला धरू?" साहेबानं सुपारी कातरत विचारलं. "तुला आत ठेवलं तर आम्ही तुला जेवू घालायचं आणि गावानं तुझा देव करायचा. बाहेर ठेवला तर आम्हाला काहीच करावं लागत नाही. पहारा गाव देतं, शिक्षा गाव देतं. आणि पुढच्या वेळी कोण कसा सुटून आला, या धसक्यानं कुणी घराबाहेर पडणार नाही. तू रागावू नकोस. तुझ्यासारखा दुसरा कुणी मिळाला नसता."

शिपायांनी पुंजाजीचे खांदे दाबून त्याला खुर्चीवर बसवलं. लिंबाखालच्या गावाला बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांना दिसलं एवढंच की साहेबासमोर पुंजाजी खुर्चीवर बसला आहे.

रंगूबाई पळतच बाहेर आली. "आयका!" ती लोकांना म्हणाली. "साहेब सोताच्या तोंडानं बोलला आता! याईनं काई माफी मांगतली नाई, तुमाले फोडासाठी सोडलं त्याईले!"

शालिग्रामनं दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याचं बघून बाकीच्यांनी ठेवले. अख्खं गाव लिंबाखाली कान झाकून उभं राहिलं, आणि त्यांच्यासमोर रंगूबाईचा घसा फाटत गेला. चतुराबाईचे डोळे भरले होते, पण तिचेही हात कानांवरच होते. साहेबाची अक्कल मोठी खरी, पण गावानं त्याच्या पुढं अर्धी वाट चालून दिली, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळी झाली, आणि पुंजाजीनं ठरवलं की सरकार मुदत भोगू देत नाही तर ती आपली आपणच भोगायची. त्यानं बैल अंगणात बांधले, बैलांचा कोठा झाडून काढला, घरातलं जातं तिथं नेलं आणि एक घोंगडी घेऊन आत गेला. कोठ्याला दार म्हणजे बाभळीच्या फळ्या, मधून हात जाईल एवढ्या फटी, आणि बाहेरून लोखंडी कडी.

"मुदत सरेपर्यंत मी अठीच," तो म्हणाला. "भायेरचे दिस धराचे नाई. येत्या भादव्यात सरन. सकाळी कांजी, दोन टाईम भाकर, तठी देत होते तेवढीच. ज्वारी आनून टाक, मी दळीन. अन् कडी तू लावाची."

"म्या?" रंगूबाई म्हणाली. "म्या काई शिपाई हाव का तुमची?"

"दुसरं कोनी हाय का मले?"

 तिनं कडी लावली. त्या दिवसापासून पहाटे जातं सुरू व्हायचं. धड एकाच हातानं ओढलेलं जातं, मध्ये मध्ये अडायचं, पुन्हा फिरायचं. गावातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकू यायचं. सुरुवातीला पोरं फटीतून डोकवायची, मग आयांनी त्यांना बडवून काढलं. पुंजाजी मात्र बऱ्याच दिवसांनी खूश दिसत होता. फटीतून भाकरी घेताना तो रंगूबाईला सांगायचा, जगदेवही आता असाच दळत असेल.

मग पौष लागला. डोंगरावरून वारा सुटला, कोठ्याच्या फटींतून आत शिरू लागला. दुसरी घोंगडी त्यानं घेतली नाही, तिथं एकच होती म्हणून. खोकला आला, मग ताप आला, मग छातीत घरघर. जातं थांबलं.

"कडी काढते मी," रंगूबाई म्हणाली.

"काढली तं पुन्ना पयल्यापासून," तो आतून म्हणाला. "तुह्या गळ्याची आन हाय, काढू नको."

मानोऱ्याला सरकारी दवाखाना होता. तिथं नेलं असतं, तर पुंजाजी सरकारच्या मांडीवर जाऊन बसला असं म्हणायला गाव मोकळं झालं असतं, आणि तो जाणारही नव्हता. गावात जडीबुटीवाला होता, त्यानं तिला येताना पाहून दार लोटलं. ती शालिग्रामच्या अंगणात जाऊन बसली. काही बोलली नाही, कारण ऐकणार कोण? नुसती बसून राहिली, की निदान बघून तरी समजेल. शालिग्राम मागच्या दारानं शेतात निघून गेला.

परत येऊन ती कोठ्याच्या दारापाशी बसली आणि फटीतून हात घालून त्याच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं.

"शालिग्राम आल्ता का?" त्यानं विचारलं.

रंगूबाईला वाटलं, एवढं तरी सुख द्यावं याला. खोटं तर खोटं.

"आल्ते," ती म्हणाली. "तुमी झोपेल होते. उंबऱ्यात बसले, तुमच्यासाठी रडले."

पुंजाजीनं डोळे उघडले. मग त्यानं तिचा हात कपाळावरून काढून टाकला.

"उंबऱ्यात आला?" तो म्हणाला. "बेलभंडारा मोडला त्यानं. चांगलं नाई केलं." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तो बोलला नाही. सकाळी उजाडलं तेव्हा घरघर थांबली होती. मग रंगूबाईनं कडी काढली. नवऱ्याचा शब्द आपण राखला की नवऱ्याला मारलं, हा प्रश्न तिच्या मानेवर तेव्हा बसला तो कायमचा.

खांदा द्यायला कुणी येणार नव्हतं. तिनं बैल जुंपले, पोळ्याला तोरणाखाली पहिले उभे राहिलेले तेच बैल, आणि पुंजाजीला गाडीत घातलं. आधी लाकडं नेऊन टाकली होती. गाडी मधल्या रस्त्यानं गेली तेव्हा पुढं पुढं एकेक दार लागत गेलं. चतुराबाईचं दार अर्धवट राहिलं, तिथून हुंदका ऐकू आला, मग तेही लागलं. रंगूबाईनं राखेतली गोवरी खापरीत बरोबर आणली होती. तिनंच अग्नी दिला. घरी येऊन आंघोळ केली, बैलांना कडबा टाकला, आणि कोठ्यात जाऊन जात्यापाशी बसली. कोठ्यात ज्वारी उरली होती, मुदतही उरली होती. तिनं फटीतून हात बाहेर काढून कशीबशी कडी ओढली आणि दळायला सुरुवात केली.

बैलांपुरती आणि चुलीपुरती ती बाहेर यायची, एरवी आत. गावाला पुन्हा जातं ऐकू येऊ लागलं. यावेळी ते अडत नव्हतं.

होळी झाली आणि बातमी आली की वर दिल्लीला तह झाला, सत्याग्रही सुटले. बोरदऱ्याची माणसं आली तेव्हा गाव वेशीपर्यंत डफडं घेऊन गेलं. गुलाल उधळला, बायांनी ओवाळलं. चतुराबाई जगदेवच्या गळ्यात पडून रडली. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर जगदेवनं इकडं तिकडं पाहिलं.

"पुंजाजीकाका कोठी हायेत?" त्यानं विचारलं. "आले काहून नाई?"

 डफडं थांबलं.

"त्याईले म्हना जगदेव आला. आमी बराकीतून पाह्यलं सारं. काका गज सोडेच ना. मले नोका काढू, मले नोका काढू, म्हून लेकरावानी रडत होते. चौघं लागले त्याईले उचलाले. असा मानूस नाई पाह्यला म्या."

 मग कुणीतरी हलक्या आवाजात जगदेवला सांगितलं, आणि तो मटकन खाली बसला.

गावाला पश्चात्ताप झाला, नाही असं नाही. गावाला तो होतोच, वेळ गेल्यावर. सगळी मिरवणूक तशीच पुंजाजीच्या घराकडे वळली. शालिग्राम पुढं, हातात गुलालाचं ताट, पांढऱ्या मिशांवरून पाणी वाहत होतं. चतुराबाई घरातून खापरीत निखारे घेऊन आली. कोठ्यात जातं चालू होतं. लोक अंगणात थांबले.

शालिग्रामनंच पुढं होऊन कडी काढली आणि दार उघडलं. रंगूबाई पिठानं पांढरी झाली होती. तिनं जातं थांबवलं.

"चुकलो आमी, रंगूबाई," शालिग्राम म्हणाला. "भायेर ये. गाव तुह्या पाया पडाले आलं."

"बाई, विस्तव आनला मी," चतुराबाई म्हणाली. तिनं खापरी पुढं केली.

रंगूबाईनं त्या दोघांना ओलांडून जगदेवकडे पाहिलं. पोरगा वाळला होता, हातांना घट्टे पडले होते.

"तुही मुदत केवढी होती रे, जगदेव?"

"सालभराची, काकू."

"सरली?"

जगदेवनं मान खाली घातली. "तह झाला, काकू. साऱ्याईलेच सोडलं."

"म्हंजे मुदतीआधी घरी आले तुमी सारे," रंगूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती समजून घेत होती. "अन् गाव तुमाले वेशीवर आनाले गेलं. चांगलं झालं. मायच्या जिवाले बरं वाटलं असन."

 चतुराबाईच्या हातातल्या खापरीत निखाऱ्यांवर राख धरत चालली होती.

"आता ये भायेर," शालिग्राम पुन्हा म्हणाला. "सपलं सारं."

"माह्या कोठ्यात तह झाला नाई," ती म्हणाली. "त्याईची मुदत भादव्यात सरते. अन् शालिग्रामदादा, एक सांगाचं राह्यलं. जाताना त्याईनं इचारलं, शालिग्राम आल्ता का. म्या खोटंच सांगतलं, आल्ते म्हून, उंबऱ्यात बसून रडले म्हून. तं त्याईले तुमचा राग आला. बेलभंडारा मोडला म्हने. तसेच गेले, तोंड फिरवून."

शालिग्रामच्या हातातलं ताट कलंडलं. त्यानं खाली पाहिलं. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

"पाय काढा भायेर," रंगूबाई म्हणाली. "अन् कडी लावा. आतून लावली का पक्की बसत नाई."

शालिग्रामनं पाय मागं घेतला. दार लोटलं. त्याचे हात गुलालानं भरले होते, कडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली, आणि आत जातं फिरू लागलं.